दोन बोटं जाते ना!

परवा नागपुरात वर्धा रोडवरच्या एका टायरच्या दुकानात मी चारचौघांत ‘पुस्तकी’ ठरलो. गुन्हा एवढाच, की खिशातून टेप काढून चाकाच्या कमानीत घातला. गाडीचं मूळ माप १८५/६५ आर १५, आणि दुकानदार गळ्यात मारत होता २०५/६५ आर १५. “रिम तीच राहते, गाडी भरून दिसते,” एवढाच त्याचा युक्तिवाद.

हिशेब सातवीतल्या पोराचा आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे मिलिमीटर नव्हेत, ते त्या रुंदीचे टक्के, म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची. त्यामुळे रुंदी वाढवून ६५ तसेच ठेवले की टायर गुपचूप उंचही होतो. १८५ चे ६५ टक्के १२० आणि थोडे. वरची-खालची भिंत मिळून २४०.५. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिळवले की व्यास ६२१.५. दोनशे पाचवाल्याचा येतो ६४७.५. चार टक्क्यांहून जास्त फरक! मी दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही. स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा चार टक्के कमी दाखवणार, ते वेगळंच.

हे मी दुकानदाराला सांगत होतो, पण ऐकत होते जुन्या टायरांच्या चळतीवर बसलेले एक काका. त्यांचं दुकानात काही काम नव्हतं. पन्नीत खर्रा घोटणं चालू होतं आणि घोटता घोटता सल्ला.

“काहून माप घेऊन राह्यले भाऊ? गाडीले शेरवानी शिवता का?”

पोरं हसली. काका उठले, फेंडर आणि टायरच्या मधात बोटं घातली आणि निकाल दिला. “दोन बोटं जाते ना? मंग बसते.”

“काका, गाडी उभी आहे, चाकं सरळ आहेत, आत कोणी नाही.”

“मंग काय वरात बसवू आतमंधी?”

खरं तर बसवायलाच हवी. चार धडधाकट माणसं आत, डिकीत सामान, आणि मग स्पीडब्रेकर, तोही तिरका. मागचं चाक घासतं ते तेव्हा. पुढच्यासाठी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवायचं, एक चाक फुटपाथवर चढवायचं, आतल्या प्लास्टिकला खडू फासून तो कुठे पुसला जातो ते बघायचं. बहुधा बंपरच्या मागच्या कोपऱ्याशी. आणि आतल्या अंगाला शॉकअबच्या स्प्रिंगची थाळी असते. तिथे दोन बोटं नाही, कधीकधी एक करंगळीही जात नाही. तिथे घासलं तर टायरची बाजू चिरते आणि बाहेरून दिसतही नाही.

“घासलं तं आवाज येईन ना!” काका म्हणाले.

“आणि आला तर?”

“गाणे लावाचे.”

यावर मी काय बोलणार? पण दुकानदाराने मान डोलावली, याचा राग अजून गेलेला नाही. अलॉय रिमचा विषय निघाला तेव्हा तर कहर झाला. मी ईटी किती, म्हणून विचारलं.

“हा नवीन टॅक्स लागला का जी?” काका.

ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने आवळतात त्याला) टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे ते. आकडा कमी झाला की चाक तितकं बाहेर. ५.५ इंच रुंद, ईटी ४५ ची रिम काढून ६.५ इंची, ईटी ३५ ची बसवली, तर रुंदीचे १२.७ आणि ईटीचे १० मिळून बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर पुढे येते. आतल्या अंगाला मात्र तीन मिलिमीटरसुद्धा नाही. दुकानात विचारतात ते फक्त बोल्ट चार की पाच. बोल्ट जुळले म्हणजे पत्रिका जुळली! मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिंग लागते, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं आणि मग महिनाभर त्याच गिऱ्हाईकाकडून बॅलन्सिंगचे पैसे उकळता येतात.

बरं, नागपुरात परीक्षा सोपी असती तर एक वेळ चाललं असतं. सिमेंटचा रस्ता वर, कडेचे गट्टू खाली, मधात वीतभर पायरी. ती चढायची ती चाक वळवूनच. पांढरे पट्टे नसलेले स्पीडब्रेकर रात्री आधी कंबरेला कळतात, मग डोळ्यांना. आणि एकदा चढवलेला टायर परत घेत नाहीत, हे दुकानात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. ड्रायव्हरच्या दारापाशी कंपनीने मापाचं स्टिकर लावलेलं असतं, ते कोणी वाकून वाचत नाही.

मी १९५/६० आर १५ मागितला. व्यास ६१५, फरक एक टक्का, त्याच रिमवर बसतो. फक्त लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याचा आकडा, ८८ च्या खाली नको. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो.

“तो माल ठेवत नाही, कोणी मागतच नाही,” दुकानदार म्हणाला.

“मागन कसा?” काकांनी पन्नी सोडली. “इतका अभ्यास करेपर्यंत जुनाच घासून जाते.”

दुकानातल्या पोराने पाइप उचलला. “मंग भाऊ, हवाच भरून देऊ का? साधी का नायट्रोजन?”