'अलाऊ' दाबलं म्हणजे संमती दिली, असं होत नाही

गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "ॲपला 'अलाऊ' दाबलं की संमती झाली, आता कायदाही काही करू शकत नाही. फुकट वापरता, तर माहिती द्यावीच लागणार. आणि शेतकऱ्याच्या माहितीत लपवण्यासारखं असतं काय?" यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी 'अलाऊ'चं बघू. माझे मामा परतूरजवळ राहतात. सोयाबीनचा भाव बघायला त्यांनी एक ॲप घेतलं. उघडताच पानभर इंग्रजी, खाली ठळक हिरवं बटण, आणि मागणी फोनमधल्या सगळ्या नंबरांची. मामा म्हणाले, "मला भाव बघायचा होता रे. ते आडवं आलं, दाबून टाकलं." याला संमती म्हणायचं? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ६ नुसार संमती मोकळेपणाने, समजून-उमजून, विनाअट दिलेली हवी आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. कायद्यातच उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि माणूस हो म्हणाला, तरी त्या यादीपुरता तो होकार धरायचा नाही, कारण उपचाराला यादी लागत नाही. मग सोयाबीनच्या भावाला लागते का? शिवाय संमतीची विनंती मराठीत वाचायची सोय हवी, आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही.

कायदा अजून पुरता लागू नाही, एवढं मात्र खरं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील.

फुकटचं म्हणाल, तर भावाच्या पानावर खताची जाहिरात लावा की, कोण नको म्हणतंय? एसटी स्टँडच्या भिंतीवर बियाण्याची जाहिरात रंगवणारा आपल्या मागे घरापर्यंत येत नव्हता.

'लपवण्यासारखं काय' याचा मात्र मला मनापासून राग येतो. पीक हातचं गेलं आणि माणूस रात्री फोनवर कर्ज शोधतोय, हे जाहिरातवाल्याला कशाला कळावं? अडलेला माणूस कुठल्याही व्याजाला हो म्हणतो. आणि लातूरला नांदेड, बीड, धाराशिवहून अकरावी-बारावीला आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं? कायद्याने १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. कलम ९ म्हणतं, त्यांच्यावर पाळत नको, त्यांना हेरून जाहिराती नकोत. मोडलं तर दंड २०० कोटींपर्यंत.

परवा मामांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची कॉन्टॅक्टची परवानगी काढून टाकली. भाव अजूनही रोज दिसतो.