‘जी-कार्ड मिळालं नाही, नाक्यावरचा अनुभवही वाया गेला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या कस्टम्सच्या कागदपत्रांच्या कोर्सबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. ऐरोली नाक्यावर चौदा वर्षं जकातीची कामं करूनही तुम्हाला इन्व्हॉइस वाचण्यापासून शिकवलं. बारा जणांत चार कॉम्प्युटर होते. आणि कोर्स संपला तरी जी-कार्ड, म्हणजे कस्टम्सच्या कागदांवर सही करता येणारं ओळखपत्र, हातात आलं नाही.

तिसरी आधी घेतो, कारण तिथे चूक सरळ आमची आहे. वाशीतल्या आमच्या बोर्डावर ‘जी-कार्ड कोर्स’ असं लिहिलं होतं, आणि ते लिहायलाच नको होतं. जी-कार्ड कुठलाही क्लास देऊ शकत नाही. कस्टम्स ब्रोकर लायसन्सिंग रेग्युलेशन्स, २०१८ प्रमाणे ही परीक्षा कस्टम्स घेतं, आणि लायसन्स असलेल्या ब्रोकरकडे (आयात-निर्यातदारांची कस्टम्सची कामं करणाऱ्याकडे) नोकरीला असलेल्यालाच ती देता येते. शिक्षण किमान बारावी लागतं. पास होईपर्यंत एच-कार्डावर काम करायचं, पण कागदपत्रांवर सही करायची नाही. जी-कार्डावर दोन वर्षं काम केलेला पदवीधर पुढे एफ-कार्डाच्या, म्हणजे स्वतः ब्रोकर होण्यासाठीच्या, परीक्षेला बसू शकतो. म्हणजे आधी नोकरी, मग कार्ड. बोर्ड आम्ही उतरवला आहे. कार्डाच्या तयारीसाठी वेगळे घेतलेले ३,००० रुपये तुम्हाला आणि तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांना परत देतो आहोत.

अनुभव वाया गेला, हे मात्र आम्हाला पटत नाही. पॅकिंग लिस्ट आणि गाडीतला माल यांतला फरक नाक्यावर काम केलेल्या माणसाला लगेच दिसतो. नव्या पोरांना ते शिकवायला महिने जातात. अडतं ते जुन्या सवयीपाशी. जकातीत मालाची किंमत धरली, टक्का लावला, पावती फाडली की गाडी सुटायची. न्हावा शेवा बंदरात तसं होत नाही. धरा, मालाचं करपात्र मूल्य १,००,००० रुपये आणि बेसिक ड्यूटी १० टक्के. ड्यूटी झाली १०,०००. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १,०००. आता १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १,००,००० वर नाही, १,११,००० वर लागतो: १९,९८०. एकूण ३०,९८०. जकातीतून आलेले बहुतेक जण पहिल्या आठवड्यात इथे २८,००० काढतात. आणि ते १,००,००० सुद्धा बिलावरून जसंच्या तसं उचलायचं नसतं. एफओबी बिल, म्हणजे समुद्रभाडं आणि विमा न धरलेलं बिल, असेल तर समुद्रभाडं आणि विमा मिळवावा लागतो. आकडे मिळत नसतील तर एफओबीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरतात. रुपयात बदलताना दर कस्टम्सचा, बँकेचा नाही. इन्व्हॉइसपासून सुरुवात केली ती यासाठी.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. नाक्यावर ‘स्टीलची भांडी’ म्हटलं की भागायचं. इथे स्टीलची साधी बाटली ७३२३ या कस्टम्सच्या कोडमध्ये जाते आणि थर्मासची बाटली ९६१७ मध्ये. आठ आकडी कोड चुकला की ड्यूटी चुकते, क्वेरी येते, कंटेनर अडकतो आणि डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत करण्याचं भाडं) चढत राहतं. बिल ऑफ एंट्री (आयात मालाची कस्टम्सकडे भरायची नोंद) जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं; उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. बीएल (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला तरी एंट्री आयजीएमशी, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीशी, जुळत नाही. म्हणून चेकलिस्ट (एंट्रीचा कच्चा मसुदा) पार्टीकडून, म्हणजे आयातदाराकडून, तपासून घेतल्याशिवाय कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर काही पाठवायचं नाही, हे आम्ही दहादा सांगतो. ते तुम्हाला जाचक वाटलं असेल, पण त्यात सूट देणार नाही.

कॉम्प्युटरची तक्रार रास्त आहे. ई-संचितवर (कस्टम्सची ऑनलाइन कागदपत्रांची सोय) कागद डिजिटल सहीने चढवून आयआरएन (कागदाचा नोंद क्रमांक) मिळवणं नुसतं बघून येत नाही. आता बॅच आठचीच, प्रत्येकाला एक मशीन.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. १ जानेवारी १९९३ ला युरोपीय समुदायाच्या देशांमधली कस्टम्स तपासणी संपली, तेव्हा काम गेलेल्या कस्टम्स एजंटांना नवं काम शिकवण्यासाठी समुदायाने वेगळा पैसा ठेवला होता. इथे १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली. महापालिकेला भरपाई मिळाली, तिचे कर्मचारी दुसऱ्या खात्यांत गेले. तुमच्यासारख्या खासगी एजंटाच्या वाट्याला काहीच आलं नाही, आणि शिकण्याचा खर्चही त्याच्याच खिशातून गेला. तुमचा राग आम्हाला कळतो.

शनिवारी सकाळी या. बारावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि दोन फोटो आणा. एच-कार्डावर माणसं घेणाऱ्या ब्रोकरांची यादी देतो आणि अर्ज सोबत बसून भरतो. नोकरी लागेल असा शब्द देत नाही. नोकरी लागली, तर जी-कार्डाच्या परीक्षेपर्यंत सरावाला कधीही या, फी नाही.