‘सगळ्यांनाच पदक, मग स्पर्धा कसली?’ : एका मामांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मामा,

तुम्ही नाव दिलं नाहीत, खाली नुसतं ‘एका मुलाचा मामा’ असं लिहिलंत, म्हणून मामाच म्हणते. आमच्या शाळेच्या क्रीडादिनावरची माझी पोस्ट तुम्हाला अजिबात पटलेली नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. विशेष मुलांच्या शाळेतला क्रीडादिन हा देखावा असतो. ज्यांना नीट धावता येत नाही त्यांना धावायला लावायचं, शेवटी सगळ्यांच्याच गळ्यात पदक अडकवायचं आणि पाहुण्यांनी फोटो काढायचे. तुमचा भाचा गेल्या वर्षी त्याच्या शाळेत ५० मीटरच्या शर्यतीत मध्येच थांबला, लोक टाळ्या वाजवत राहिले आणि तुमच्या बहिणीला तिथेच रडू फुटलं. तयारीत गेलेल्या त्या महिन्याभरात त्याला पैसे मोजायला शिकवलं असतं तर काही उपयोग तरी झाला असता, असं तुम्ही म्हणता. आणि जाता जाता एक टोला : पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये भारतानं २९ पदकं आणली, तुमच्या शाळांमधून कोण गेलं होतं?

पदकापासून सुरुवात करते. सगळ्यांना सारखं पदक देणं मलाही पटत नाही. दहा मुलं धावली आणि दहांनाही एकसारखं सोनेरी पदक मिळालं, तर मुलांना ते कळतं. बोलता न येणाऱ्या मुलालाही कळतं. ‘तुझ्याकडून आम्हाला कसलीच अपेक्षा नाही’ एवढंच आपण त्याला सांगितलेलं असतं. पण यावरचा उपाय स्पर्धा बंद करणं हा नाही. स्पर्धा खरी करता येते आणि ती करायची रीत जगात पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे.

१९६८ च्या जुलैमध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिली स्पेशल ऑलिंपिक, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांची स्पर्धा झाली. ती उभी करणाऱ्या युनिस केनेडी श्रायव्हर यांनी त्याआधी, १९६२ मध्ये, स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं होतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीला बौद्धिक अक्षमता होती. या स्पर्धेची शपथ ‘मला जिंकू दे’ अशी सुरू होते. जिंकता आलं नाही तर निदान हिमतीनं प्रयत्न करू दे, हे त्यानंतर येतं. शपथेचा हा क्रम आमच्याकडचे बरेच वक्ते भाषणात उलटा करून टाकतात.

आता गट कसे पाडतात ते सांगते, कारण तुमच्या रागाचं निम्मं उत्तर तिथे आहे. आधी ट्रायल होते. प्रत्येक मुलाची वेळ घड्याळ लावून घेतात. मग वय, मुलगा की मुलगी आणि ट्रायलमधली वेळ या तिन्ही गोष्टी बघून गट करतात. एका गटात तीन ते आठ जण, आणि सगळ्यात वेगवान व सगळ्यात हळू मुलाच्या वेळेत साधारण १५ टक्क्यांहून जास्त फरक नको, असा दंडक. म्हणजे ५० मीटरला १२ सेकंद घेणारा मुलगा आणि ४० सेकंद घेणारा मुलगा एका रेषेवर उभे राहतच नाहीत. ४० वाला ३८ वाल्याशी धावतो आणि त्याला हरवूही शकतो. पहिल्या तिघांना पदक, चौथ्यापासून आठव्यापर्यंत रिबन. पाचवा आलेल्याला आपण पाचवे आलो हे माहीत असतं.

या पद्धतीत लबाडीही करता येते, आणि आमच्या एका पठ्ठ्यानं ती केली. ट्रायलला मुद्दाम रमतगमत पळाला, म्हणजे हळू पोरांच्या गटात जागा मिळावी, आणि अंतिम शर्यतीत वाऱ्यासारखा सुटला. नियमाप्रमाणे त्याला बाद करावं लागलं, कारण ट्रायलपेक्षा फार जास्त वेग दिसला तर पंच तेच करतात. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. आम्ही शिक्षक मात्र स्टाफरूममध्ये खूश होतो. पुढचा डाव आखून आज मुद्दाम मागे राहायचं, हे त्याच्या वैयक्तिक आराखड्यातल्या (प्रत्येक मुलासाठी आम्ही शिकवण्याचा वेगळा आराखडा करतो) कुठल्याही उद्दिष्टापेक्षा अवघड काम होतं!

आणखी एक मुलगी, चौथी आली. रिबन तिनं मैदानात फेकून दिली. आई ओशाळली, सारखी ‘सॉरी, सॉरी बाई’ म्हणत होती. मी म्हटलं, राहू द्या, तिला तिसरी यायचं होतं. पुढच्या सोमवारपासून ती मधल्या सुट्टीत आपणहून पळायला लागली. मामा, हरल्यावर राग येणं हा या मुलांचाही हक्क आहे. सगळ्यांच्या गळ्यात पदक घालून आपण तो काढून घेतो.

आता तुमच्या भाच्याचं थांबणं. त्याची शाळा, त्याचं निदान यातलं मला काही माहीत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल मी ठाम काही सांगू शकत नाही. पण शर्यतीत मध्येच थांबणारी मुलं मी खूप पाहिली आहेत आणि थांबण्याचं कारण बहुतेक वेळा पायात नसतं.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आई. आई दोरीला टेकून साधारण मधोमध उभी असते, व्हिडिओ चांगला यावा म्हणून. मूल धावत येतं, आई दिसते, थांबतं. त्याच्या हिशेबानं शर्यत पूर्ण झालेली असते. आपल्याला वाटतं, घाबरलं किंवा दमलं. म्हणून आमच्याकडे नियम आहे की आईनं (किंवा आजीनं, किंवा ज्या कुणाकडे ते मूल धावत जाईल त्या माणसानं) शेवटच्या रेषेच्याही चार पावलं पुढे उभं राहायचं. मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्यायचा, कारण दोन्ही हात पसरायला मोकळे हवेत.

दुसरं कारण आवाज. स्वमग्न मुलांना शिट्टी, लाउडस्पीकरवरची गाणी, दोन्ही बाजूंनी एकदम उठणाऱ्या टाळ्या हे सगळं अंगावर आल्यासारखं होतं. मग ती कान दाबून जागच्या जागी उभी राहतात. आम्ही शिट्टी काढून टाकली, शर्यत झेंड्यावर सुरू होते. शर्यत चालू असेपर्यंत स्पीकर बंद. ‘थांबलेल्या मुलाला टाळ्या वाजवू नका, त्याचं नाव घेऊन पुढून हाक मारा’ अशी सूचना आम्ही सकाळीच देतो. काही पालकांना ती तुसडी वाटते, वाटू दे. टाळ्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला शंभर टक्के मान्य आहे. त्या टाळ्या कीव दाखवायला वाजतात.

तिसरं कारण म्हणजे शेवट कुठे आहे तेच न कळणं. जमिनीवरची फक्कीची रेघ मुलासाठी नुसती रेघ असते. सरावात लाल फीत बांधली असेल आणि त्या दिवशी कुणी हौसेनं तिरंगी फुगे लावले, तर गेला आठवडाभराचा सराव पाण्यात. त्यामुळे तीच फीत, तेच मैदान, तेच बूट. आणि काही मुलांना ५० मीटर द्यायचेच नाहीत, २५ मीटर चालणं द्यायचं. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी स्पर्धेविना वेगळा कार्यक्रम असतो. चेंडू पकडून टोपलीत सोडणं, आधारानं उभं राहणं, व्हीलचेअर स्वतः दोन फेरे ढकलणं. तिथे तुलना त्याच मुलाच्या मागच्या महिन्याशी होते.

संगीत खुर्ची मात्र मी हट्टानं यादीतून काढायला लावली. गाणं अचानक बंद पडण्याचा त्रास आहेच. शिवाय ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच पहिल्या फेरीत बाहेर बसतो.

पैसे मोजण्याचं म्हणालात. क्रीडादिनाच्या दिवशी आमचा मोठ्या मुलांचा, म्हणजे व्यवसायपूर्व गट, लिंबू सरबताचा आणि भेळेचा स्टॉल चालवतो. सरबत १० रुपये. कुणी २० ची नोट दिली तर १० परत. ५० ची दिली तर ताईंना विचारायचं. वर्गात खोट्या नोटांवर जे वर्षभर घोटतो ते तिथे खऱ्या गिऱ्हाइकासमोर, मागे रांग लागलेली असताना करावं लागतं. चुकतात. गिऱ्हाईक गडबडीत असतं, आम्ही त्याला थांबायला सांगतो. तेव्हा तुमची सूचना आम्ही अमलात आणतोय, फक्त क्रीडादिन बंद न करता.

आणि महिनाभराची तयारी म्हणजे रोज पळापळ नसते. टी-शर्टची पुढची बाजू ओळखणं, मोजे आधी आणि बूट नंतर, आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसणं. शेजारच्या हायस्कूलचं मैदान आम्ही वापरतो, तिथलं स्वच्छतागृह वेगळं. आमच्याकडे एक मुलगी घर आणि शाळा सोडून कुठेच लघवीला जात नसे. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यापायी ते घर कुठल्याही लग्नाकार्याला तासाभरापेक्षा जास्त थांबत नव्हतं. मैदानाच्या सरावात शाळेतल्या मावशींनी तिला रोज तिथे नेलं. आधी नुसतं दार दाखवून आणलं, मग आत उभं केलं, मग पुढचं. त्या मे महिन्यात ते कुटुंब मामेबहिणीच्या लग्नाला मुक्कामाला राहिलं. क्रीडादिनाला ती गोळाफेकीत शेवटून दुसरी आली होती.

पाहुण्यांबद्दल तुमच्याशी वाद नाही. मुलांना उन्हात बसवून स्वागतगीत, दीपप्रज्वलन, परिचय आणि ‘ही देवाघरची फुलं आहेत’ छापाचं भाषण हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, आणि पाहताना दात आवळलेत. आमच्याकडे पाहुण्यांना साडेदहाची वेळ देतात. शर्यती आठला सुरू होऊन दहाच्या आत संपतात, मुलं मांडवात खाऊ खात असतात. देणगीदारांना वाईट वाटतं का? वाटत असेल. पण आमच्या शाळेचा खर्च केवळ अनुदानावर भागत नाही, त्यामुळे ‘पाहुणे नकोच’ म्हणायची चैन आम्हाला परवडत नाही.

मैदानावर माझ्या दृष्टीनं महत्त्वाचे लोक दुसरेच असतात. रोज मुलांना आणणारे रिक्षावाले काका, ज्यांना कोणतं मूल कुठल्या वळणावर ओरडतं ते आमच्याआधी कळतं. गावाहून आलेले आजोबा, ज्यांनी नातवाला घराबाहेर फारसं नेलेलंच नाही. हायस्कूलची नववीची पोरं, जी पहिल्या तासाला एका कोपऱ्यात हसत उभी असतात आणि नंतर लेनमध्ये आमच्या मुलांसोबत धावायला तयार होतात. भावाबद्दल मैत्रिणींना कधीच न सांगितलेली बहीण स्टॉपवॉच घेऊन बसते. या सगळ्यांना वर्षातून एका सकाळी एकत्र आणणारा दुसरा कार्यक्रम मला माहीत नाही. स्नेहसंमेलनात ते खुर्चीवर बसून बघतात, मैदानावर त्यांना हात लावावा लागतो.

राहिला पॅरालिंपिकचा टोला. स्पेशल ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्ण मिळवलं, ते पॅरालिंपिक. तिथे बहुतेक स्पर्धा शारीरिक आणि दृष्टीच्या अक्षमतेच्या आहेत. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ॲथलेटिक्स, जलतरण आणि टेबल टेनिस एवढ्याच खेळांत जागा आहे, आणि तीही मध्ये गेली होती. २००० साली सिडनीत स्पेनच्या बास्केटबॉल संघानं या गटात सुवर्ण जिंकलं आणि नंतर उघडकीला आलं की १२ पैकी १० खेळाडूंना अशी काही अक्षमता नव्हतीच. फसवणूक धडधाकट माणसांनी केली. शिक्षा म्हणून अथेन्स आणि बीजिंगमध्ये या गटासाठी पदकाची एकही स्पर्धा ठेवली नाही. २०१२ ला लंडनमध्ये त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला.

आणि तुम्ही मोजलेल्या २९ पदकांमध्ये एक पदक याच गटातलं आहे. तेलंगणातल्या वारंगळकडच्या खेड्यातली दीप्ती जीवनजी, टी-२० गट (ॲथलेटिक्समध्ये बौद्धिक अक्षमतेच्या गटाचं हे नाव), ४०० मीटर, कांस्य. त्याच वर्षी, २०२४ च्या मे महिन्यात, जपानमधल्या कोबेच्या जागतिक स्पर्धेत तिनं ५५.०७ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. आमच्या शाळेतून कुणी तिथवर गेलेलं नाही आणि बहुधा जाणारही नाही. गावातल्या इतर शाळांतून तरी ऑलिंपिकला कोण गेलंय? तरी त्यांचे क्रीडादिन बंद करा असं कुणी लिहीत नाही.

२०२३ च्या बर्लिनच्या स्पेशल ऑलिंपिकमध्ये भारताला २०२ पदकं मिळाली, हा आकडा मी तुमच्यापुढे नाचवू शकले असते. नाचवत नाही, कारण तिथे प्रत्येक गटाचं वेगळं सुवर्ण असतं आणि देशांची क्रमवारी लावतच नाहीत. त्याची २९ शी तुलना करणं चुकीचं ठरेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शाळांवर इतरांच्या बरोबरीनं खेळाची संधी देण्याची जबाबदारी टाकली आहे, त्यात पदकाची अट नाही.

यंदा भाच्याला उतरवायचं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तुमच्या बहिणीला शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारायला सांगा. ट्रायल घेऊन गट पाडणार आहात का? मी कुठे उभी राहू? आणि त्याला फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशी नाश्ता आणि गोळीची वेळ कोण सांभाळणार? डाउन सिंड्रोम असेल तर आणखी एक : मानेची तपासणी झाल्याशिवाय कोलांटउडी नाही. उत्तरं गोलमोल आली तर पाठवू नका, मीही पाठवलं नसतं.

आणि तुम्ही स्वतः आमच्याकडे या. वेळ घ्यायला आम्हाला माणसं कमी पडतात, लेनला दोन तरी लागतात. आठच्या आधी पोचा. घड्याळ झेंडा खाली येताना दिसला की सुरू करायचं आणि मुलाची छाती फितीला लागली की बंद करायचं, हात लागला तर धरायचं नाही.