व्हियोंला एवढा घासूनपुसून कशाला ठेवलाय?

आज दुपारी 'इफ आय वेअर किंग' बघितला. १९३८ चा, रोनाल्ड कोलमनचा. डोकं फिरलंय.

फ्रांस्वा व्हियों, पंधराव्या शतकातला पॅरिसचा कवी. सिनेमातला व्हियों, म्हणजे कोलमन, चोर आहे, पण कसा? राजाच्या कोठारातला माल लांबवतो नि गरिबांना खाऊ घालतो! मग फ्रान्सचा राजा अकरावा लुई त्याला आठवडाभर मोठा अधिकारी करतो, हे महाशय पॅरिस वाचवतात, वर दरबारातली सुंदरीही पटवतात. अरे काय!

खरा व्हियों शिकलेला, विद्यापीठाचा एम.ए. १४५५ मध्ये मारामारीत एका पाद्र्याचा जीव घेतला. माफी मिळाली १४५६ च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी नाताळच्या सुमारास टोळीनं कॉलेज द नाव्हारची तिजोरी फोडली. पाचशे सोन्याची नाणी. गरिबांना बिरिबांना काही नाही, आपसात वाटून मोकळे.

ठीक आहे, सिनेमा म्हणजे चरित्र नव्हे. आणि बॅसिल रॅथबोनचा तो खी खी हसणारा लुई झकासच.

पण याच माणसानं आईसाठी प्रार्थना लिहिलीय, तिच्याच तोंडची. मी गरीब म्हातारी, मला अक्षर येत नाही. चर्चमध्ये स्वर्ग रंगवलाय, तिथे वाद्यं आहेत, आणि नरक, तिथे पापी उकळताहेत. वाचलं की मला आमची आजी दिसते. तिच्या माजघरात जत्रेतून आणलेलं यमपुरीचं चित्र होतं. आम्ही खोटं बोललो की ती बरोबर त्या कढईवर बोट ठेवायची. तेवढ्या जागी काच तेलकट झाली होती. वाचता येत नव्हतं, पण कुठल्या पापाला कुठली शिक्षा ते तोंडपाठ.

आजीनं हा सिनेमा बघितला असता तर विचारलं असतं, "अगं, पण यानं केलं काय?"

तेच तर! फासावर लटकलेल्या प्रेतांच्या तोंडून हा माणूस दया मागतो, कावळ्यांनी डोळे टोचून काढलेत म्हणतो. ते लिहिणारा कढईच्या काठावर उभा होता. तुमचा कोलमन कुठल्या कढईत घालू?

शेवटी सिनेमातला व्हियों हद्दपार होतो, तर ती दरबारातली सुंदरी, कॅथरीनबाई, मागोमाग हजर. १४६३ च्या जानेवारीत खऱ्याची फाशी रद्द होऊन दहा वर्षं हद्दपारी झाली, तेव्हा त्यानं कोर्टाकडे तीन दिवस मागितले. तयारीला, घरच्यांचा निरोप घ्यायला, कारण त्यांच्याशिवाय खिशात दमडी नव्हती. तोही अर्ज कवितेत! हा सीन घेतला असता तर कोलमनसाहेबांना मीही टाळ्या दिल्या असत्या.