दुनळीच्या दस्त्यावरची पितळी पट्टी: दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आजोबांच्या दुनळीच्या दस्त्यावर पितळी पट्टी मारून आम्ही तिचं रूप घालवलं, बंदूक न्यायला आलेल्या भावाला परत पाठवलं आणि एवढं बिल घेऊन वर "बार काढू नका" असं सांगितलं, अशा तुमच्या तक्रारी आहेत. हा रिव्ह्यू जुन्या बंदुका सांभाळणारे इतर लोकही वाचतील, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

तुमच्या मते तडा चिकटवून पॉलिश मारलं की काम संपलं असतं. दोन्ही लॉक, म्हणजे घोडा चालवणारी यंत्रणा, काढल्यावर आत काय दिसलं ते तुम्हाला दुकानात दाखवलं होतं. लोखंड जिथे टेकतं तिथलं लाकूड काळं पडलं होतं आणि नखाने दाबलं तरी खड्डा पडत होता. नळ्या वर करून बंदूक वर्षानुवर्षं उभी ठेवली की लॉकमधलं तेल खाली उतरून दस्त्यात मुरतं. लाकूड मऊ झालं की लोखंडाला टेकू राहत नाही. मग प्रत्येक बाराला लोखंड थोडं मागे सरकतं आणि त्याची शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसते. तुमचा तडा तिथूनच सुरू झाला होता. तेलकट लाकडाला कुठलाही गोंद धरत नाही. खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, तो सुकला की झटकायचा आणि पूड पांढरी निघेपर्यंत पुन्हा तेच करायचं. वेळ त्यात गेला.

आता पट्टी. आतून सळई घालायला हवी होती असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या बंदुकीचं लॉक मागच्या अंगाचं आहे, म्हणजे मोठी स्प्रिंग घोड्याच्या मागे, थेट मुठीच्या लाकडात बसते. मूठ आधीच दोन्ही बाजूंनी कोरून पोकळ झालेली. तिथे सळईसाठी भोक पाडलं तर उरलेलं लाकूडही जातं. म्हणून वरून पट्टी घेतली आणि ती आरपार स्क्रूने चापाखालच्या पट्टीला जोडली. धक्का आता लाकूड एकटं सोसत नाही. मोठ्या शिकारीच्या जुन्या इंग्रजी दुनळी रायफलींवर वरची लोखंडी पट्टी मुद्दाम लांबवून दस्त्यावर नेलेली असायची, तीही याच कारणासाठी.

अक्रोडाचा नवा कोरा दस्ता बसवणं आम्हाला सोपं होतं, आणि बिल याहून मोठं झालं असतं. पण मुठीवरची हाताने कोरलेली बारीक चौकड आणि गाल टेकून गुळगुळीत झालेली जागा जुन्याच लाकडावर आहे. ते लाकूड फेकायला माझा हात धजत नाही. जवसाच्या तेलात रतनजोत घालून कारागिराने त्यावर हाताने पुटं चढवली, म्हणून जुना लालसर रंग परत आला. पट्टी मात्र रंगाखाली लपवली नाही आणि लपवणारही नाही. पुढे जो कोणी ही बंदूक उघडेल त्याला दुरुस्ती कुठे झाली ते दिसलं पाहिजे.

भावाचं म्हणाल तर शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ३ प्रमाणे दुरुस्तीची बंदूक दुसऱ्याला नेता येते, पण लायसन्सधारक सोबत हवा किंवा त्याचं लेखी अधिकारपत्र हवं. त्यांच्याकडे फक्त आमची पावती होती.

बाराबद्दल माझं म्हणणं तेच आहे, आणि ते दस्त्यामुळे नाही. नळ्या दमास्कसच्या आहेत, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या. त्यांवर बेल्जियमच्या लिएज शहरातला अंडाकृती चाचणी शिक्का आहे, पण आजच्या काडतुसांत असते त्या धूरविरहित दारूच्या चाचणीचा शिक्का नाही. त्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या आहेत. नळीत काडतूस बसतं ते घर ६५ मिलिमीटरचं आहे. ७० चं काडतूस आत शिरतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. अशा नळीला तुमचा डावा हात लागलेला असतो, साहेब. बिलावर हे लाल शाईने लिहिलंय, ते खोडणार नाही.

पट्टीचा पिवळेपणा डोळ्यांत खुपत असेल तर तिला काळपट रंग देता येईल, त्याचे पैसे घेणार नाही. येताना लायसन्सचं मूळ पुस्तक आणा, रजिस्टरला नोंद करावी लागते. तोवर बंदूक नळ्या खाली करून ठेवा.