एकदा चुकला की कायमचा बाहेर? कोणी सांगितलं?

माझी चुलत बहीण बरीच वर्षं चर्चला गेलेली नाही, आत्ता कुठे परत जायचं म्हणत होती, तर तिला कोणीतरी एक फॉरवर्ड पाठवला आणि तिने तो मला पाठवून खाली लिहिलं, "बघ, त्या काळात मला दारातसुद्धा उभं केलं नसतं." डोकंच फिरलं माझं. फॉरवर्डचं म्हणणं असं: कन्फेशन (धर्मगुरूपुढे पापं कबूल करणं) १२१५ साली पोपने काढलं, त्याआधी मनात माफी मागितली की भागायचं, पण एकदा चुकला त्याला मंडळी (म्हणजे चर्च) कायमची हाकलायची, राजांना सगळं माफ, आणि हे सगळं पैशासाठी. अहो, मनात माफी मागून भागत होतं तर हाकलत कोणाला होते?

हाकलण्याचंच आधी घेते, कारण त्यानेच माणसं घाबरतात. इ.स. २५० च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसचा हुकूम निघाला, सगळ्यांनी रोमन देवांना बळी द्यायचा आणि तसं सर्टिफिकेट घ्यायचं (इजिप्तमध्ये असे पपायरसवरचे कागद सापडलेत). बऱ्याच ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसताच कागद मिळवला, आणि छळ ओसरल्यावर हेच लोक परत आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना घ्यायचं नाही. फॉरवर्डवाल्याला बहुतेक हाच एक सापडलाय. पण रोमचा बिशप कॉर्नेलियस आणि कार्थेजचा बिशप सिप्रियन, दोघांनीही प्रायश्चित्त करून परत यायचा रस्ता उघडा ठेवला, आणि २५१ मध्ये मंडळीबाहेर काढलं ते नोव्हेशियनलाच.

पुढे ३२५ ची निकियाची बिशपांची परिषद, तिचा ११ वा नियम वाचाच. कोणी जबरदस्ती केलेली नसताना, मालमत्ता गेलेली नसताना ज्यांनी श्रद्धा सोडली त्यांच्याबद्दल तो आहे, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की यांची लायकी नसली तरी दया दाखवायची. तीन वर्षं फक्त वाचन ऐकायचं, सात वर्षं गुडघे टेकून लोटांगण, दोन वर्षं सगळ्यांबरोबर प्रार्थना पण कम्युनियन (पवित्र भाकर-द्राक्षारस) नाही. मग पूर्ण परत. बारा वर्षं मलाही फार वाटतात, पण याला कायमचं हाकलणं म्हणतात का? शिवाय १३ वा नियम सांगतो की मरणाच्या दारात असलेल्याला कम्युनियन नाकारायचं नाही.

आता १२१५. त्या वर्षी चर्चच्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कन्फेशन सक्तीचं केलं, हे खरं. पुन्हा पुन्हा करायचं खाजगी कन्फेशन आयरिश संन्याशांमुळे सहाव्या शतकापासून पुढे पसरलं, हेही मान्य करावं लागेल. पण टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच गोणपाट, राख, उपास आणि सगळ्यांदेखत केलेलं प्रायश्चित्त वर्णन करतो, आणि बाप्तिस्म्यानंतर ही संधी एकदाच, असंही बजावतो. ४५९ मध्ये पोप पहिला लिओ लिहितो की लोकांच्या पापांची यादी चारचौघांत वाचायची नाही, धर्मगुरूला गुपचूप सांगितलं की पुरे. १२१५ च्या साडेसातशे वर्षं आधी!

राजांचं तर बोलायलाच नको. ३९० मध्ये थेस्सलोनिका शहरात सम्राटाच्या सैनिकांनी कत्तल केली म्हणून मिलानच्या बिशप अँब्रोजने खुद्द सम्राट थिओडोसियसला पत्र लिहून प्रायश्चित्त करायला लावलं. ते पत्र आजही आहे.

आणि पैसा. सोळाव्या शतकात क्षमापत्रं (पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं) विकली गेली, त्यावर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर भडकला, ते लाजिरवाणंच होतं. पण ते उचलून बाराशे वर्षं मागे चिकटवायचं? निकियाच्या त्या ११ व्या नियमात शिक्षा वर्षांत मोजलीय, रक्कम कुठेच नाही.