तात्यांची ओटी टेस्ट

रविवारी भर बारा वाजता, अख्ख्या सोसायटीदेखत, मला आमच्या गंगापूर रोडच्या पोहण्याच्या तलावातून बाहेर काढण्यात आलं. का, तर "पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही" असं मी जरा मोठ्याने म्हणालो.

काठावर तात्या होते. तात्या म्हणजे आमचे स्वयंघोषित तलावप्रमुख. दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे कशावर काय आणि किती फवारायचं हे जगात आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. माझं ऐकून त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला, नळीत पाणी भरलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले, बूच लावून हलवलं आणि नळी उन्हात धरली. पाणी ढिम्म.

"बघा! पिवळेपणाचं नाव नाही. एकदम शुद्ध!"

"तात्या, क्लोरीन असलं तर पिवळं होतं."

"सकाळी सातला माझ्या हाताने टीसीएल टाकलीय, क्लोरीनची पावडर. जाईल कुठं?"

"उन्हात."

"ऊन काय क्लोरीन पितं का?"

पितंच की! अतिनील किरणांनी उघड्या पाण्यातलं क्लोरीन फुटतं. कडक उन्हात पाऊण तासात निम्मं, दुपारपर्यंत जवळजवळ साफ. नाशिकच्या थंडीचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये येऊन जावं. म्हणून पावडर दिवेलागणीनंतर टाकायची, म्हणजे रात्रभर तिला काम करता येतं. नाहीतर उन्हापासून क्लोरीन वाचवणारं सायन्युरिक अ‍ॅसिडचं स्टॅबिलायझर लिटरमागे 30 ते 50 मिलिग्रॅम ठेवायचं. तेही शंभरावर गेलं की क्लोरीनच सुस्तावतं, पण तो पुढचा प्रश्न. आमच्याकडे मुळात चिमूटभर नाही.

"रामकुंडात कोण टाकतं स्टॅबिलायझर?"

"गोदावरी वाहती आहे, तात्या. आणि बागेत तुम्ही घडाघडाला कागद लावता तो कशाला? ऊन लागू नये म्हणूनच ना?"

"द्राक्षाचे पैसे येतात, भाऊ."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन महिन्यांचा मेंटेनन्स आगाऊ भरलेला माणूस गप्प कसा बसेल? त्यात 'तलाव देखभाल' असा स्वतंत्र रकाना आहे, आणि त्या पैशातून आम्ही रोज सकाळी सूर्यनारायणाला गोणीतून नैवेद्य दाखवतोय. म्हटलं, "क्लोरीन नसलं की एकाचे जंतू दुसऱ्याला लागतात."

तात्यांनी तलावावरून सावकाश नजर फिरवली. "सध्या आत तुम्ही एकटेच आहात. मग जंतू कुणाचे?"

काठावरच्या बायका फिस्सकन हसल्या. एका पोराने घाईघाईने पाण्यातला पाय वर घेतला.

"तुम्ही बाहेर या," तात्या म्हणाले, "पाणी आपोआप सुधारेल."

मी निथळत, टॉवेल शोधत, अनवाणी तापलेल्या फरशीवर उड्या मारत निघालो. टॉवेल तात्यांच्या खुर्चीखाली होता. तो त्यांनी दोन बोटांत धरून दिला.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली : 'तलावाच्या पाण्याची ओटी टेस्ट उत्तम आली आहे. सभासदांनी अफवा पसरवू नयेत.' खाली अंगठ्यांची रांग. त्यात एक आमच्या घरचा.